बेटावर पाठवलेला माल मधल्या पोर्टला अडकलाय? आधी हे बघा

न्हावा शेव्यातून डबा, म्हणजे कंटेनर, वेळेत निघाला, पहिलं जहाज वेळेत पोचलं, आणि मग ट्रॅकिंगवर "डिस्चार्ज्ड", म्हणजे जहाजातून उतरवला, अशी एक ओळ आली ती आलीच. दहा दिवस झाले, पंधरा झाले, त्याच्याखाली दुसरी ओळ नाही. किंवा दुसऱ्या जहाजाचं नाव येतं, तारीखही येते, पण दर सोमवारी बघावं तर तारीख अजून आठवडाभर पुढे गेलेली. किंवा माल मुख्य बेटावर पोचलाय, मॉरिशसच्या पोर्ट लुईला, मालदीवच्या मालेला, फिजीच्या सुवाला, पण तिथून धाकट्या बेटावर जाणारं जहाज तो घ्यायला तयार नाही. किंवा कन्साइनी, म्हणजे तिकडे माल घेणारा, व्हॉट्सॲपवर कसल्यातरी होल्डच्या, म्हणजे माल रोखल्याच्या, कागदाचा तिरका फोटो पाठवतो आणि विचारतो, ये क्या है. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुठूनच काही कळत नाही आणि एक दिवस थेट स्टोरेजचं बिल मेलवर येतं.

मी पनवेल-उरण पट्ट्यात फॉरवर्डिंगचं, म्हणजे लोकांचा माल परदेशी पाठवून द्यायचं, काम करतो, त्यात बेटांचं काम बरंच असतं, मॉरिशस, मालदीव, सेशेल्स, फिजी, कधीमधी किरिबाटी, आणि ही सगळी लक्षणं इतक्या वेळा सोडवलीत की आता खात्रीने सांगतो, दुखणं एकच आहे. माल समुद्रात अडकत नाही, सांध्यावर अडकतो, एका जहाजातून उतरून दुसऱ्यात चढायच्या जागी. दुबई किंवा रॉटरडॅमला माल जात असेल तर कागदात चूक झाली, एक जहाज हुकलं, तर पुढचं दोनचार दिवसांत असतं, त्यामुळे चूक खपून जाते. बेटाला जाणारं जहाज तीन आठवड्यांनी असतं, काही ठिकाणी महिन्याने. म्हणजे एका दिवसाची चूक तीन आठवड्यांची होते, आणि त्या तीन आठवड्यांत फ्री डेज, म्हणजे भाडं न लागता डबा ठेवायचे दिवस, संपतात. म्हणून खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने करा, फुकटचं आणि सोपं आधी, खर्चाचं नंतर. मी बघितलंय, लोक घाबरून आधीच बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती) बदलायला धावतात आणि खरी चूक पत्त्यातल्या एका शब्दाची असते.

सगळ्यात आधी मात्र एक काम करा, हे तपासणीतही धरू नका. फ्री टाइम कधी संपतो ती तारीख शोधा आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर चिकटवा. पोर्टचं डिमरेज (डबा पोर्टमध्ये पडून राहिल्याचं भाडं) वेगळं, लाइनचं, म्हणजे जहाज कंपनीचं, डिटेन्शन (तिचा डबा अडकवून ठेवल्याचं भाडं) वेगळं, दोन्हीच्या तारखा वेगळ्या. पुढचे सगळे निर्णय, थांबायचं की पैसे टाकून सोडवायचं, याच तारखेवर होतात.

गावाचं नाव आणि देश

पाच मिनिटांचं काम, पैसा शून्य. बुकिंग कन्फर्मेशन, शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा कागद), बीएलचा ड्राफ्ट, इन्व्हॉइस, चारही शेजारी शेजारी ठेवा आणि डेस्टिनेशनचं नाव अक्षर अक्षर वाचा. पोर्ट कोडची पहिली दोन अक्षरं देशाची असतात, ती बघा, मालदीवचं एम-व्ही, मॉरिशसचं एम-यू, किरिबाटीचं के-आय.

हे का, तर बेटांची नावं फसवी असतात. वसईच्या एका कारखानदाराचे पाण्याचे पंप होते, गिऱ्हाईक किरिबाटीचं, आणि त्याने मेलमध्ये नुसतं "ख्रिसमस आयलंड" लिहिलं होतं. आता किरिबाटीत किरितिमाती नावाचं बेट आहे, त्यांच्या भाषेत "ति"चा उच्चार स सारखा होतो, म्हणजे ते किरिसमस, म्हणजे ख्रिसमसच. पण जगात दुसरं ख्रिसमस आयलंड आहे, ऑस्ट्रेलियाचं, हिंदी महासागरात, जावाच्या खाली. बुकिंग डेस्कने ऑस्ट्रेलियाचं पकडलं, माल सिंगापूरपर्यंत गेला, तिथे कुणाच्या तरी लक्षात आलं की कन्साइनीचा देश एक आणि पोर्टचा देश दुसरा, आणि पंप पाच आठवडे तिथे पडून राहिले. एका महासागरातलं बेट लिहायचं होतं, दुसऱ्यातलं लिहिलं गेलं. आणि बरं, किरिबाटी बरोबर लिहिलं तरी काम संपत नाही, कारण राजधानी तरावा आणि किरितिमाती यांच्यात तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे, एकच देश आहे म्हणून माल आपोआप पुढे जाईल असं अजिबात समजू नका.

तसंच मॉरिशसचं. रॉड्रिग्जला माल द्यायचा असेल तर ते पोर्ट लुईपासून साधारण सहाशे किलोमीटर लांब आहे, पोर्ट मॅथ्युरिनला वेगळं जहाज जातं. बीएलवर "मॉरिशस" एवढंच असेल तर लाइनचं काम पोर्ट लुईला संपलं, पुढचं कुणाचं ते कुणीच लिहिलेलं नाही.

पुढचा टप्पा कुणाच्या पैशाने

हेही फुकटात कळतं, इन्व्हॉइस उघडा आणि टर्म बघा. सीआयएफ (माल, विमा आणि भाडं धरून किंमत) पोर्ट लुई लिहिलं असेल तर तुमचा खर्च पोर्ट लुईपर्यंत, पुढच्या होडीचं भाडं गिऱ्हाइकाचं. पण गिऱ्हाइकाला वाटत असतं की "पोचवून देतो" म्हणजे दारात. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात आणि डबा उन्हात उभा. मी अशी निदान निम्मी प्रकरणं नुसत्या एका फोनवर सोडवलीत, "पुढचं भाडं कोण भरतंय" एवढं विचारून. दोघांपैकी कुणीतरी भरलं की माल हलतो. बेटाचं काम असेल तर टर्मच्या पुढे शेवटच्या जेटीचं नाव लिहून घ्यायची सवय लावा.

फोन कधी करताय

लोक म्हणतात एजंट उत्तरच देत नाही. आधी घड्याळ बघा. फिजी आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे, टोंगा आणि सामोआ साडेसात तास पुढे. आपण सकाळी दहाला ऑफिस उघडून चहा पिऊन मेल टाकतो तेव्हा टोंगात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, माणूस घरी निघालाय. शुक्रवारी दहाला टाकलेला मेल तो सोमवारी बघणार, त्याचं उत्तर आपल्याला सोमवारी सकाळी दिसणार, आपण परत दहाला लिहिणार, परत तो निघालेला. एका साध्या प्रश्नाला असा आठवडा जातो. मी अशा पोर्टांचे मेल रात्री झोपायच्या आधी टाकतो, म्हणजे त्यांच्या सकाळी वरच दिसतात, आणि फोन करायचा असेल तर सरळ पहाटे साडेचारचा गजर. मालदीव जवळ आहे, अर्ध्या तासाचाच फरक, पण तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवार असते आणि आपली रविवार, त्यामुळे गुरुवारी दुपारपर्यंत विषय मिटवला नाही तर सोमवारवर जातो.

आणि मेलमध्ये "स्टेटस प्लीज" लिहू नका. त्याला तेच उत्तर येतं जे ट्रॅकिंगवर आधीच दिसतंय. विचारायचं ते असं: दुसऱ्या जहाजाचं नाव काय, व्हॉयेज नंबर काय, आमचा डबा त्याच्या लोड लिस्टवर आहे का, नसेल तर कारण काय. नाव सांगितलं की ते जहाज आत्ता कुठे आहे ते जहाजांच्या नकाशावर स्वतः बघा. जहाज अजून ड्राय डॉकमध्ये, दुरुस्तीच्या गोदीत, उभं असताना त्याच्या नावाने पुढच्या मंगळवारची तारीख दिलेली मी बघितलीय. आणि नावाच्या जागी "टीबीएन", म्हणजे नंतर ठरवू, असं असेल तर समजा जागा बुक झालेलीच नाही, ती तारीख धरून गिऱ्हाइकाला काही कबूल करू नका.

एलसीएल असेल तर वेगळा प्रश्न विचारा

सुटा माल, एलसीएल, असेल तर वरच्या प्रश्नांना अर्थ नाही, कारण तुमचा माल डब्यात नाहीच, कोलंबो किंवा सिंगापूरच्या वेअरहाउसमध्ये पॅलेटवर पडलाय. तिथे न्हावा शेव्याहून आलेला डबा फोडतात आणि त्या बेटाला जाणारा दुसरा डबा भरतात. तो डबा भरायला पुरेसा माल जमला तरच तो निघतो. सिंगापूर ते मेलबर्न रोज भरतो. सिंगापूर ते तुवालूचं फुनाफुती, सांगा, किती लोक माल पाठवतात? म्हणून तुम्ही विचारायचं, पुढच्या डब्याचं स्टफिंग, म्हणजे भराई, कधी, आता किती क्यूबिक मीटर जमलेत. वीस फुटी डब्यात कागदावर तेहतीस मावतात, प्रत्यक्षात पंचवीस-अठ्ठावीस बसतात, त्यात आठच जमले असतील तर तुम्हाला कळतं की अजून वेळ आहे.

यातली खरी गोची म्हणजे को-लोडिंग. तुम्ही एका फॉरवर्डरला माल दिलात, त्याने दुसऱ्या कन्सोलिडेटरला (सुटा माल एकत्र करणाऱ्याला) दिला, त्याने तिसऱ्याला. प्रत्येकाने आपला हाऊस बीएल, म्हणजे स्वतःच्या नावाची पावती, काढला. तुमच्या हातातल्या नंबरवर सिंगापूरच्या वेअरहाउसला काही सापडतच नाही, ते म्हणतात असा माल आमच्याकडे नाही, आणि आपल्या पोटात गोळा येतो. माल तिथेच असतो, फक्त तिसऱ्याच्या नंबरखाली. साखळी एकेक कडी धरून वर जा, मास्टर बीएल, म्हणजे जहाज कंपनीने दिलेला, कुणाच्या नावावर आहे तिथपर्यंत, आणि तो नंबर घेऊन परत विचारा. कार्टनवरचे शिपिंग मार्क्स नीट छापलेले असतील तर गोडाऊनचा माणूस फोटो काढूनही पाठवतो, म्हणून मार्क्स चारही बाजूंना लावा, एका बाजूला लावून उपयोग नाही, ती बाजू नेमकी भिंतीकडे असते.

कागद एकमेकांशी जुळतायत का

आता जरा बसून करायचं काम. वजन, नग, एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा कस्टम्सचा नंबर), कन्साइनीचा टॅक्स नंबर, नोटिफाय पार्टीचा (माल पोचल्यावर ज्याला कळवायचं त्याचा) चालू फोन. इन्व्हॉइसमध्ये ४१२ कार्टन आणि बीएलवर ४१० असेल तर मुंबईला कुणी बघत नाही, पण बेटावरच्या कस्टम्सकडे दिवसाला मोजकेच डबे येतात आणि ते प्रत्येक कागद वाचतात. व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या डब्याचं खरं वजन, १ जुलै २०१६ पासून सक्तीचं आहे, ते आणि बीएलवरचं वजन यांत मोठी तफावत दिसली की दुसऱ्या जहाजाचा प्लॅनर डबा बाजूला ठेवतो, कारण छोट्या जहाजाला वजनाचा हिशेब फार जपावा लागतो.

ओरिजिनल बीएलचं तर आधीच ठरवा, तो दाखवल्याशिवाय तिकडे माल मिळत नाही. लांबच्या बेटांवर कुरियर मालाच्या नंतर पोचलेलं मी एकदा नाही, अनेकदा बघितलंय, माल जेटीवर आणि बीएल कुठल्यातरी विमानतळावरच्या पोत्यात. पैसे आधी आलेले असतील तर सरेंडर करा, टेलेक्स रिलीज द्या (ओरिजिनल इकडेच परत देऊन तिकडे माल सोडायचा निरोप), किंवा सुरुवातीलाच सी वेबिल घ्या (त्याला ओरिजिनल दाखवावा लागत नाही). एलसीचं, म्हणजे बँकेच्या पतपत्राचं, काम असेल आणि बँकेला ओरिजिनलच हवे असतील तर मग कागद जहाजाच्या आधी निघाले पाहिजेत, त्याला दुसरा उपाय नाही.

लाकूड, माती, पालापाचोळा

इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण आपल्याकडची माणसं इथेच सगळ्यात जास्त ठेच खातात आणि त्यांना रागही येतो, की एवढ्याशा गोष्टीसाठी माल अडवला. बेटांच्या बाजूने बघा. चारी बाजूंनी समुद्र आहे म्हणून तिथे काही किडी नाहीत, काही रोग नाहीत, आणि एकदा शिरले की काढता येत नाहीत. आफ्रिकन गोगलगाईने पॅसिफिकमधल्या कित्येक बेटांवरची भाजी खाल्ली, ती डब्यांबरोबर, मातीबरोबर पसरते. धान्यातला खपरा भुंगेरा आपल्या भागातला आहे हे सगळ्या जगाला माहितीय, म्हणून भारताचा डबा म्हटलं की ते डोळ्यांत तेल घालून बघतात, आणि ते बरोबरच करतात.

बघायचं काय तर तीन गोष्टी. एक, लाकडी पॅलेट आणि खोक्यांवर आयएसपीएम १५ चा (लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का, कणसासारखं चिन्ह, शेजारी आय-एन, नंबर, आणि एचटी किंवा एमबी. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ डिग्रीला सलग ३० मिनिटं तापवलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिली. शिक्का प्रत्येक पॅलेटवर हवा, आणि आतल्या ठोकळ्यांवर, आडव्या पट्ट्यांवरही, तेच विसरतात, खोका शिक्क्याचा आणि आत मशीन हलू नये म्हणून ठोकलेला ओंडका मात्र कारखान्याच्या मागून उचललेला. प्लायवूडला हा नियम नाही, म्हणून मी जमेल तिथे प्लायवूडच सुचवतो. स्टफिंगच्या वेळी शिक्क्यांचे जवळून फोटो काढून ठेवा, अडकल्यावर तेच फोटो पाठवले की अर्ध्या वेळा होल्ड सुटतो.

दोन, डब्याचं बूड. पावसाळ्यात उरणच्या यार्डांत चिखल असतो हे आपल्याला नवीन नाही. रिकामा डबा उचलला की खालच्या कोपऱ्यातल्या ओतीव ठोकळ्यांच्या भोकांत चिखल भरलेला असतो, वरून सुकतो आणि दिसत नाही. काठी घालून बघा. मी ड्रायव्हरला शंभर रुपये देऊन पाण्याच्या पाइपने ती भोकं धुऊन घेतो, माल भरायच्या आधी. ते नाही केलं तर तीच माती पॅसिफिकमधल्या बेटावर क्वारंटाइनवाला काढतो, आणि डबा धुण्याचं, फवारणीचं, थांबण्याचं सगळं बिल डॉलरमध्ये येतं.

तीन, माल स्वतः. मॉरिशसला आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे जून-जुलैत पूजेच्या सामानाचं काम येतं आणि ते करायला मला मनापासून आवडतं. पण यादी बघा: शाडूच्या कच्च्या मूर्ती म्हणजे माती, नारळ, सुपाऱ्या, दर्भ, बांबू, वाळलेली पानं, केळीच्या सोपटाच्या वस्तू. यातल्या जवळजवळ प्रत्येकाला तिकडच्या वनस्पती खात्याची आधी परवानगी लागू शकते आणि इकडून फायटो, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला. परवानगी कन्साइनीने काढायची असते, माल निघायच्या आधी, पोचल्यावर नाही. फायटोवरची तारीख जहाज निघायच्या नंतरची असली की तो कागद असून नसल्यासारखा.

कापूर

याला वेगळं लिहितोय कारण हा मी स्वतः भोगलाय. पॅकिंग लिस्टवर नुसतं "पूजा साहित्य" लिहिलं होतं, आम्हीही तेच पुढे ढकललं. कोलंबोला लाइनने तपासणी केली, कार्टन उघडले, आत उदबत्त्या, वाती, जानवी, आणि तळाशी तीन कार्टन भरून कापराच्या वड्या. कापूर हा डेंजरस गुड्स (डीजी, धोकादायक माल) आहे, यूएन २७१७, वर्ग ४.१, पेट घेणारा घन पदार्थ. काडेपेट्यासुद्धा त्याच वर्गात, यूएन १९४४. जाहीर न करता डब्यात घातला म्हणजे मिसडिक्लेरेशन, आणि लाइन त्याला दंड लावते, जहाजावर घेत नाही. तीन कार्टनपायी साडेतीनशे कार्टन थांबले. कापूर बाहेर काढून, परत मोजणी करून, कागद दुरुस्त करून डबा निघेपर्यंत अनंत चतुर्दशी उलटून गेली होती. तिकडच्या मंडळाच्या अध्यक्षांनी फोनवर एवढंच म्हटलं, "आरती तुपाच्या निरांजनावर केली, काळजी करू नका." मला ते वाक्य अजून आठवतं.

म्हणून प्रत्येक कार्टनची यादी हवी, ढोबळ शब्द नको. कापूर, काडेपेटी, लायटर, रंग, थिनर, अत्तर, लिथियम बॅटरीचे दिवे, स्प्रे, फटाके, यातलं काही असेल तर आधी बोला. डब्यात असं काही न सांगता गेलंय असं आत्ता तुमच्या लक्षात आलं असेल तर इथेच थांबा, पुढचं काही स्वतः करू नका. लाइनला ताबडतोब लेखी कळवा आणि डीजीचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा. लपवून पुढे जाऊ दे असं म्हणायचा मोह होतो, पण त्या डब्याच्या वर माणसं झोपलेली असतात.

शेवटच्या जेटीला उचलणार कोण

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि तरी दुसरं जहाज माल घेत नसेल तर अडचण बहुतेक वजनाची किंवा डब्याची असते. इथून खर्च सुरू होतो.

वीस फुटी डब्यावर जास्तीत जास्त एकूण वजन ३०,४८० किलो लिहिलेलं असतं म्हणून आपण तेवढं ठासून भरतो. मोठ्या पोर्टला काही वाटत नाही. पण बऱ्याच बेटांवर किनाऱ्याला क्रेनच नसते, जहाज स्वतःच्या क्रेनने उतरवतं आणि ती वीस टनांची असली तर सत्तावीस टनांचा डबा तिथे जाणारच नाही, काही केलं तरी. चाळीस फुटी तर कित्येक ठिकाणी घेतच नाहीत. पॅसिफिकमधल्या टोकेलाऊला तर विमानतळ नाही, बंदर नाही, सामोआच्या आपियाहून जहाज जातं, बाहेर समुद्रात थांबतं, आणि माल प्रवाळाची कड ओलांडून छोट्या तराफ्यासारख्या बार्जने आत नेतात. दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्हाला केप टाउनहून आठवडाभराचा समुद्र, आणि पोचल्यावर लाटा मोठ्या असल्या तर उतरवायचं थांबवून वाट बघायची. अशा जागी माल पाठवताना शेवटच्या जेटीवरून उलटं मागे यायचं, तिथे सगळ्यात जड किती उचलतात, ते विचारून मग कारखान्यात पॅकिंग ठरवायचं.

मालदीवच्या एका रिसॉर्टचं किचनचं सामान होतं, स्टीलची मोठी भट्टी, एकाच लाकडी खोक्यात, चौदाशे किलो. मालेपर्यंत झकास. मालेहून बेटांवर धोणी जातात, मालवाहू होड्या, आणि त्या भरतात-उतरवतात माणसंच, हातांनी, पाठीवर. खोका धोणीत मालेच्या क्रेनने चढवला असता, पण उतरवणार कोण? गिऱ्हाइकाने जेटीचा फोटो पाठवला तेव्हा कळलं, लाकडी फळ्या, दोन खांब आणि एक हातगाडी. शेवटी मालेला खोका फोडून भट्टीचे भाग वेगळे केले, प्रत्येक भाग चार माणसांना पेलेल असा बांधला. कारखान्यात विचारलं असतं तर हेच काम भिवंडीत अर्ध्या दिवसात झालं असतं.

दुसरी गोष्ट, डबा कुणाचा. लाइन आपला डबा मुख्य पोर्टच्या पुढे सोडत नाही बऱ्याचदा, कारण तिथून तो परत यायला महिने लागतात. मग मुख्य बेटावर माल बाहेर काढून सुटा पाठवायचा, किंवा सुरुवातीलाच एसओसी, म्हणजे स्वतः विकत घेतलेला जुना डबा वापरायचा. एसओसीला डिटेन्शन लागत नाही आणि बेटावर तो गोडाऊन म्हणून विकलाही जातो, त्यामुळे दूरच्या बेटांना मला तोच परवडतो. मात्र त्याची सीएससी प्लेट (डब्याच्या सुरक्षा तपासणीची पाटी) चालू आहे का ते बघूनच घ्या, नाहीतर पहिल्याच जहाजावर चढत नाही.

आणि मोसम. नोव्हेंबर ते एप्रिल दक्षिण पॅसिफिकला वादळांचे महिने, मॉरिशसच्या बाजूला मेच्या मध्यापर्यंत. ऑस्ट्रेलियाच्या त्या ख्रिसमस आयलंडला साधारण डिसेंबर ते मार्च वायव्येकडून लाटांचा मारा येतो आणि जहाज दिसत असून उतरवता येत नाही. कारण हवामान असेल तर भांडून उपयोग नाही, कुणाच्याच हातात नाही, फक्त लाइनकडून तसं लेखी घ्या, डिटेन्शन माफ करायला मागताना लागतं.

इथून पुढे स्वतः करू नका

बीएलवरचं डेस्टिनेशन बदलणं, कन्साइनी बदलणं, शिपिंग बिलात दुरुस्ती, ईजीएम (जहाजाने कस्टम्सला दिलेली निर्यात मालाची यादी) फाइल झाल्यावरची कुठलीही दुरुस्ती, हे लायसन असलेल्या कस्टम्स ब्रोकरचं काम आहे. शिपिंग बिलाची दुरुस्ती कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली होते, पुरावे लागतात, आणि अर्धवट केली तर आयजीएसटीचा रिफंड, ड्रॉबॅक (कस्टम्स ड्यूटीचा परतावा) दोन्ही लटकतात. चार ठिकाणी नाव बदलायचं असतं, तीन ठिकाणी बदललं की पहिल्यापेक्षा मोठा गुंता होतो.

तिकडच्या कस्टम्सने किंवा क्वारंटाइनने लेखी नोटीस दिली असेल तर तिकडचाच ब्रोकर लागतो. इकडून व्हॉट्सॲपवर समजावून सांगणं, ओळखीच्या माणसाला पाठवणं, हे करू नका. माल ओला झालाय, डबा गळतोय, वास येतोय असं कळलं तर डबा उघडायच्या आधी सर्वेअर, म्हणजे नुकसान तपासणारा, आणि विमा कंपनीला त्याच दिवशी मेल. जहाजाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं असेल, म्हणजे जहाज वाचवायचा खर्च सगळ्या मालवाल्यांवर वाटला जाणार असेल, तर काहीही सही करायच्या आधी विमा कंपनी, विमा नसेल तर सागरी कायद्याचा वकील.

विम्याचं दोन ओळीत सांगतो कारण यावर खूप गैरसमज आहे. नुसता उशीर झाला, सीझन गेला, गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली, याचे पैसे नेहमीचा मरीन विमा देत नाही, ए क्लॉज, म्हणजे सगळ्यात व्यापक प्रकार, असला तरी. आणि शेवटच्या डिस्चार्ज पोर्टला माल उतरल्यापासून ६० दिवसांनी कव्हर संपतं. म्हणजे पॉलिसीवर शेवटचं पोर्ट म्हणून पोर्ट लुई लिहिलं आणि माल रॉड्रिग्जच्या जहाजाची वाट बघत तिथे दोन महिने राहिला, तर पुढचा समुद्र विम्याशिवाय. पॉलिसीवरही शेवटच्या जेटीचंच नाव घाला. लाइनविरुद्ध दावा करायचा असेल तर बहुतेक बीएलमध्ये एका वर्षाची मुदत असते, ती बोलण्यात घालवू नका.

अजून एक थांबायची जागा, आणि ही कुणाला आवडत नाही. स्टोरेज, डिटेन्शन, दुरुस्तीचा खर्च मिळून मालाच्या निम्म्या किमतीवर गेला की एक दिवस थांबून ब्रोकरबरोबर बसा आणि तीन आकडे काढा: पुढे नेला तर, परत आणला तर, तिथेच विकला तर. मागच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा एक डबा आम्ही सुवालाच विकून टाकायला सांगितला, मालक आधी खूप चिडले, मग त्यांनीच आकडे परत लावून बघितले.

ब्रोकरकडे किंवा सर्वेअरकडे जाताना हे घेऊन जा, म्हणजे पहिला दिवस कागद शोधण्यात जात नाही: बुकिंग कन्फर्मेशन, शिपिंग बिल, हाऊस आणि मास्टर दोन्ही बीएल, इन्व्हॉइस, कार्टनवार पॅकिंग लिस्ट, व्हीजीएम स्लिप, फ्युमिगेशन आणि फायटो, विमा पॉलिसी, स्टफिंगचे फोटो, सील नंबर दिसेल असा दाराचा फोटो, एजंटबरोबरचे मेल तारखेप्रमाणे, आणि समोर चिकटवलेला तो फ्री टाइमच्या तारखेचा कागद.